कुलाबा किल्ल्याचं बेट तटापाशी संपत नाही : जबाबदार खात्यांना खुलं पत्र

किल्ला, किनारा, बंदर आणि पर्यटन यातलं काहीही ज्यांच्या टेबलावर येतं त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी अलिबागची. जन्म इथला, शाळा इथली, लग्न होऊनही दोन गल्ल्या सोडून इथेच राहिले, त्यामुळे कुलाबा किल्ला मी रोज बघते, धुणं वाळत घालताना पण बघते. मागच्या महिन्यात किनारा सुधारण्याच्या आराखड्याची माहिती द्यायला एक बैठक झाली त्याला मी गेले होते. पडद्यावर नकाशा लावला होता. निळ्या रंगात एक करडा लंबगोल ठिपका, त्यावर लिहिलेलं किल्ला, आणि ठिपक्याच्या भोवती सगळीकडे नुसता निळा. मी हात वर करून विचारलं की खडप, म्हणजे किल्ल्याभोवतीचा खडकाळ पट्टा, कुठे आहे यात? तर जे साहेब माहिती देत होते ते म्हणाले, "मॅडम ते पाण्याखालीच असतं ना." आणि पुढची स्लाइड आली.

ते चिडून बोलले नाहीत, मला गप्प पण केलं नाही, त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून हे पत्र लिहितेय आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडं लिहितेय. कारण मला वाटतं इथल्या निम्म्या अडचणी त्या निळ्या रंगातून आल्यात.

साहेब, ते पाण्याखालीच नसतं. दिवसातून दोनदा ते बाहेर येतं. ओहोटी लागली की आधी तटाच्या पायाशी काळे दगड दिसायला लागतात, मग सर्जेकोटाकडचा, म्हणजे शेजारच्या छोट्या किल्ल्याकडचा भाग उघडा पडतो, मग मधली वाळू, आणि उधाणाच्या दिवसातली चांगली सुकती, म्हणजे पाणी खूप उतरलेली ओहोटी असली तर थेट पुळणीपासून, किनाऱ्याच्या वाळूपासून, दरवाज्यापर्यंत चालत जाता येतं, मध्ये कुठेतरी घोटाभर पाणी. जेवढी जागा तटाच्या आत आहे तेवढाच भाग बेट म्हणून धरला तर बाकीचं जे रोज दोनदा वर येतं त्याला काय म्हणायचं? आम्ही त्याला बेटच म्हणतो. माझी आजी म्हणायची किल्ला हे बेटाचं डोकं आहे, अंग पाण्यात आहे.

खालचा दगड बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाटांनी तो घासून घासून सपाट केलाय आणि त्याच्या भेगांमध्ये, खळग्यांमध्ये ओहोटीला पाणी अडकून डबकी राहतात. त्या डबक्यात खेकड्यांची पिल्लं असतात, बोटाएवढे मासे असतात, दगडाला कालवं चिकटलेली असतात आणि ती खायला पक्षी उतरतात, थंडीत तर तुतवारांचे थवेच्या थवे. आजी आणि तिच्या बरोबरच्या बायका याच खडपावर कालवं फोडायच्या. पाटी घेऊन सुकतीला जायचं, पाणी फिरलं की परत. आमच्या घरात माझ्या वडलांची शाळेची फी त्या पाटीतून भरलेली आहे. अजूनही काही बायका जातात, आधीपेक्षा कमी. नकाशात जो निळा रंग आहे तो त्यांचं शेत आहे असं समजा.

आणि कायदा पण हे मानतो, हे मी नंतर वाचून काढलं. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकाम-वापराच्या नियमांच्या, २०११ च्या आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांमध्ये भरतीरेषा आणि ओहोटीरेषा यांच्यामधल्या पट्ट्याला वेगळा वर्ग दिलाय, १ ब. वारसास्थळं १ अ मध्ये येतात. म्हणजे कागदावर त्या पट्ट्याला नाव आहे, नियम आहेत. तुमच्या स्लाइडवर मात्र तो पट्टा नाही. मग आराखडा करणाऱ्याला कसं कळणार की इथे काहीतरी आहे.

आता माझ्या तक्रारी सांगते, एकेक करून.

सगळ्यात मोठी तक्रार वेळेची आहे. मला किनाऱ्यावर जी सूचना वाचायला मिळाली ती एवढीच की ओहोटीच्या वेळीच किल्ल्यात जावे. पण ओहोटी कधी? पुण्याहून सकाळी निघालेल्या माणसाला ते कुठून कळायचं? भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमच्याकडे हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, मग सहा तास आधी सकाळी नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला भरती अकरा साडेअकरा बाराच्या सुमारास. ढोबळ हिशोब आहे पण मुंबईपासून इथपर्यंत तो चालतो, आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं तरी तिचा चुकायचा नाही.

यात एक गोष्ट आहे जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येतच नाही आणि फोनवरच्या अॅपमध्ये बघूनही येत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं, पण त्या दिवशी ओहोटी येते पहाटे सहाच्या आसपास आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. भर दुपारी पर्यटक येतात तेव्हा किल्ल्याभोवती पुरुषभर पाणी. उलट अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला, सगळ्यांच्या सोयीची वेळ, पण तो भांग असतो, पाणी पूर्ण उतरतच नाही, मधल्या खोलगट भागात कंबरेएवढं राहतं. अॅप म्हणतं बाराला ओहोटी आणि लोक लेकरांना खांद्यावर घेऊन त्या पाण्यात उतरतात कारण त्यांना वाटतं अजून उतरेल. ते उतरणार नसतं. चालत जायला खरे चांगले दिवस म्हणजे उधाणानंतरचे तीन-चार दिवस सकाळी आणि उधाणाच्या आधीचे दोन-तीन दिवस दुपारी उशिरा. एवढं जर एका फलकावर लिहिलं, रोजची वेळ खडूने लिहिली तरी चालेल, तर अर्धी धोक्याची वेळ टळेल. याच आमच्या अलिबागमध्ये १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद इथे वर्षानुवर्षं ठेवली गेलीय, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मुंबईच्या कुलाब्याहून ती इथे हलवली होती. ज्या गावात न दिसणाऱ्या गोष्टीची रोज नोंद होते तिथे डोळ्यासमोरच्या पाण्याची वेळ लिहायला अवघड काय आहे हे मला कळत नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत काय झालं ते सांगते, म्हणजे मी हे इतकं ताणून का धरलंय ते कळेल. त्रयोदशी होती, पावणेचारच्या सुमाराला ओहोटी. मी आणि माझे दीर गणपतीच्या देवळात जाऊन परत निघालो होतो, पावणेपाच झाले असतील. पश्चिमेच्या तटावर एक कुटुंब फोटो काढत बसलं होतं, आईवडील, आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलगी. दीर म्हणाले दादा निघा आता, पाणी फिरलंय. ते म्हणाले, हो निघतोच, अजून तर सगळं कोरडंच दिसतंय. आणि त्यांना तसं दिसणं साहजिक होतं कारण माणूस त्या तटावर उभा राहिला की त्याचं तोंड मावळतीकडे असतं, समुद्राकडे, सूर्याकडे. आणि परतीची वाट असते पाठीमागे, उगवतीला. पाणी समोरून चाल करून येत नाही हो, ते बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पाठीमागे येऊन मिळतं. ज्या बाजूला कोणी बघत नाही त्याच बाजूची वाट आधी बंद होते.

आम्ही दरवाज्यापाशी थांबलो. ते यायला अजून वीस-पंचवीस मिनिटं गेली आणि ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जे हळू चढतं ते नंतर वेग धरतं. मधल्या भागात पोचेपर्यंत मांडीच्या वर पाणी आणि आडवी ओढ. आजोबांचा पाय शेवाळावरून घसरला. दिरांनी त्यांना धरलं, मी मुलीला कडेवर घेतलं, तिची चप्पल वाहून गेली आणि ती चपलेसाठी रडत होती, तिला बाकी काही कळलंच नव्हतं. पुढे एका घोडागाडीवाल्याने बघितलं आणि तो गाडी घेऊन आत आला, त्याने आजोबांना वर घेतलं. सगळे सुखरूप बाहेर आले. पण किनाऱ्यावर आल्यावर त्या बाईने मला विचारलं, "आम्हाला कोणी सांगितलं का नाही?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे मागायला हे पत्र आहे.

दुसरी तक्रार खडपावरच्या वापराची. पर्यटक आले पाहिजेत, त्यावर आमच्याच लोकांची घरं चालतात, घोडागाडीवाले, बोटवाले, टपरीवाले, यात माझेही नातेवाईक आहेत, त्यामुळे मी बंद करा म्हणणारी नाही. पण ओहोटीला मोकळी जागा दिसली म्हणून मोटारसायकली आणि कधीकधी चारचाकी सुद्धा ओल्या वाळूवर फिरवतात, दगडांवर बाटल्या फुटतात आणि मग अनवाणी कालवं काढायला जाणाऱ्या बाईच्या पायात काच जाते. कुणाला विचारायला जावं तर एक खातं म्हणतं तटाच्या आतलं आमचं, दुसरं म्हणतं पुळणीवरचं आमचं, आणि मधलं? मधलं नकाशात निळं आहे म्हणून कुणाचंच नाही. मी तीन ठिकाणी अर्ज दिला, तिन्ही ठिकाणी सांगितलं दुसरीकडे द्या. ज्या जागेत माणसं अडकतात त्याच जागेला मालक नाही.

गोड्या पाण्याबद्दल थोडक्यात लिहिते पण ते फार महत्त्वाचं आहे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर, याचं सगळ्यांना नवल वाटतं, गाइड लोक चमत्कार म्हणून सांगतात. चमत्कार वगैरे काही नाही. इथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो दगडाच्या भेगांमधून मुरतो आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्याच्या वर थरासारखं राहतं. तो थर पातळ असतो. वरून जे मुरेल तेच विहिरीत उतरणार, मग ते पावसाचं असो की स्वच्छतागृहाच्या शोषखड्ड्याचं. आराखड्यात सोयीसुविधा असा एक शब्द होता आणि त्याखाली काय काय येतं ते सांगितलं नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच, ते मी स्वतः मागेन, फक्त ते पुळणीवर हवं, बेटावर खड्डा खणून नको.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ते. बैठकीत पायवाट पक्की करण्याचा विषय निघाला होता. म्हणजे किनाऱ्यापासून दरवाज्यापर्यंत काँक्रीट. ठरलंय असं कोणी म्हणालं नाही, विचाराधीन आहे म्हणाले. साहेब, वाट एका जागी राहत नाही इथे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, आश्विनात तुम्ही गेलात तर मधला भाग खडकाळ आणि खोल लागतो, मग हिवाळाभर शांत लाटा वाळू परत आणून टाकतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत तीच वाट सपाट झालेली असते. घोडागाडीवाले दर वर्षी वाट नव्याने शोधतात, त्यांना विचारा. हे पाणी बेटाच्या पाठीमागून मोकळं वाहतं म्हणून ही वाळू येते-जाते. तिथे आडवी भिंत घातली की एका बाजूला वाळू साचणार आणि दुसऱ्या बाजूची पुळण खायला सुरुवात होणार. कुठली बाजू ते मी सांगू शकत नाही, पण होणार. एक पावसाळा झाला की त्या काँक्रीटवर शेवाळ चढेल आणि मग लोक त्यावरूनच घसरतील, वर पक्की वाट आहे म्हणून पाणी चढलं तरी चालत राहतील.

ज्यांनी हा किल्ला बांधला त्यांना पाणी कळत होतं. १६८० च्या सुमारास शिवरायांनी काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे चिरे बघा, मोठमोठे दगड नुसते एकावर एक बसवलेत, मधल्या सांध्यात चुना नाही. लाट आली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिथेच तिचा जोर मोडतो. तीनशे चाळीस वर्षांहून जास्त तो तट उभा आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून चालून आले, तरी हा किल्ला त्यांना घेता आला नाही. त्यात माणसांचं शौर्य होतंच, पण भोवतीच्या खडपाचाही हात होता असं मला लहानपणापासून वाटत आलंय, कारण अशा दगडांवर मोठं जहाज जवळ आणायची हिंमत कोण करणार. तुम्ही तटबंदी जपायला निघाला आहात, फार चांगलं आहे. पण मग तिच्या पायाखालचा जो दगड तिच्या आधीपासून पहारा देतोय तो पण जपा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

किनाऱ्यावर जिथून लोक निघतात तिथे मराठी, हिंदी, इंग्रजीत रोजची भरती-ओहोटीची वेळ लिहिलेला फलक हवा, आणि त्यावर "या वेळेनंतर परत फिरा" अशी स्पष्ट वेळ हवी. भांगाच्या दिवशी "आज चालत जाता येणार नाही" असं लिहावं. तोच फलक किल्ल्यात, पश्चिमेच्या तटाजवळ पण हवा, कारण माणूस तिथे वेळ विसरतो.

पाणी फिरलं की किल्ल्यात भोंगा किंवा घंटा वाजवायला माणूस ठेवा. कोळीवाड्यातल्या पोरांना हे काम द्या, त्यांना शिकवावं लागणार नाही, आणि पगारावर ठेवा, सेवा म्हणून फुकट नको. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी केंद्राकडून मोठ्या लाटांचे इशारे येतात ते त्याच माणसापर्यंत त्याच दिवशी पोचावेत.

नकाशा दुरुस्त करा. भरतीरेषा, ओहोटीरेषा, खडप, सर्जेकोट आणि त्याला जोडणारा दगडी बांध, कालवांची जागा, सगळं त्यात दाखवा. कालवं काढणाऱ्या बायकांना घेऊन बसा, कुठे काय आहे ते त्या बोटाने दाखवतील. नकाशा झाल्यावर मधल्या पट्ट्याला कुठलं एक खातं उत्तर देणार ते लेखी जाहीर करा.

खडपावर आणि ओल्या वाळूवर मोटारगाड्यांना बंदी. घोडागाड्यांची वाट आणि संख्या त्यांच्याशी बोलून ठरवावी, त्यांच्या पोटावर पाय न देता.

काँक्रीटच्या वाटेचा विषय निदान एक पूर्ण वर्ष बाजूला ठेवा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा वाळू कशी हलते ते मोजा, मोजलेलं लोकांसमोर ठेवा, मग बोलू. आणि बेटावर शोषखड्डा नको.

एवढंच मागतेय. यातल्या फलकाला आणि भोंग्याला तर फार पैसे पण लागत नाहीत.

या पत्राचं उत्तर कागदावर दिलंत तर घेईनच, पण त्याआधी एकदा या. कार्तिक वद्य तृतीयेला सकाळी सव्वाआठ साडेआठच्या सुमारास ओहोटी आहे, उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो म्हणजे सुकती चांगली मिळेल, समुद्रही तोपर्यंत शांत झालेला असतो. सात वाजता पुळणीवर, घोडागाड्या उभ्या राहतात तिथे मी थांबते. चपला बांधलेल्या असू द्यात आणि तो नकाशा बरोबर आणा. दहाच्या आत परत यायचं आहे.

आपली,
अलिबागची एक रहिवासी